कोरफड सुधरेस्तवर

मी रहिमतपूरची. तोंडानं फटकळ, आन त्याची मला लाज न्हाई. मालक पलटणीत असायचे आन मी सांगलीत भाड्याच्या दोन खोल्यांत. शेजारी शांतिनाथअण्णांचं जैनाचं घर. त्यांची बायको गुणमाला, तिला मी गुणाक्का म्हणायची. तिच्याबद्दल सांगायचं म्हंजे कोरफडीबद्दल सांगावं लागतं, त्याला माझा इलाज न्हाई.

गुणाक्काला एकच लेक, चंदनबाला. केस तर असे, की वेणी घालताना आईचे हात दुखायचे. पोरीनं सोप्याच्या कठड्यावर तुपाच्या डब्यात कोरफड लावली हुती. आयतवारी पान कापायचं, आतला गर काढायचा आन आईनं तो तिच्या केसांना चोळायचा. चोळता चोळता दोघींचं जे बोलणं चालायचं ते भिंतीपल्याड मला ऐकू यायचं. मला पोर न्हाई, मी आपली ऐकत बसायची.

एके दिवशी चंदननं घरात सांगितलं, मला दीक्षा घ्यायची हाय. लग्न न्हाई, संसार न्हाई, साध्वी व्हायचं. अण्णांनी अडवलं न्हाई. गुणाक्का मात्र लय भांडली. दीक्षेच्या वेळी डोक्यावरचे केस हातानं उपटून काढत्यात, कात्री चालत न्हाई. "ज्या केसांना मी गर चोळला ते उपटताना बघायला येऊ व्हय?" म्हणाली, आन गेलीच न्हाई. अण्णा एकटे गेले.

घर सोडायच्या आदल्या दिवशी पोरीनं साड्या, बांगड्या, सगळं वाटून टाकलं हुतं. निघताना उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाली, "आई, कोरफडीकडं बघशील न्हवं?" गुणाक्कानं तोंड फिरवलं. ते तोंड फिरवणं तिला पुढं किती लागलं, ते मी डोळ्यानं बघितलंय.

पोर गेली आन गुणाक्कानं त्या डब्यात जीव घातला. तिथंच घोटाळा झाला. जैनाच्या घरात पाणी गाळल्याबिगर पीत न्हाईत. गाळून झालं की फडकं उलटं करून धुत्यात, म्हंजे त्यात अडकलेले बारीक जीव त्या धुण्यात उतरत्यात. त्या पाण्याला जिवाणी म्हणायचं. ते जिथनं पाणी आणलं तिथंच परत सोडायचं. आमच्या परड्यात विहीर हुती तवर सोपं हुतं. बहात्तरच्या दुष्काळात ती आटली, मग बुजवली आन दारात नळ आला. आता नळात जिवाणी परत कशी सोडायची? फरशीवर वतावी तर जीव वाळून मरणार. गुणाक्काला कोरफडीची ओली माती दिसली. सकाळी जिवाणी डब्यात, सांजंला जिवाणी डब्यात, आन पोरीची आठवण आली की वर आणखी एक तांब्या.

पुढच्या पावसाळ्यात पानं वळायला लागली. कोरफडीचं पान बोटानं दाबलं तर टणक लागाया पाहिजे. हिची पानं पातळ पडली, दोन्ही कडा आत मिटून पन्हळीसारखी झाली. "तहानलीय बिचारी," म्हणत गुणाक्का आणखी पाणी घालायची.

त्याच आषाढात अण्णा बातमी घेऊन आले. चंदनचा, म्हंजे आता माताजींचा, चातुर्मास मिरजेला हाय. चार महिने मुक्काम हितंच. सांगलीहून मिरज ती केवढी, बसमधी बसून पदर सावरेस्तवर येती.

"मग उद्याच जावा की," मी म्हणाले.

"कशी जाऊ, शालूबाई? तिच्या दीक्षेला मी गेले न्हाई. जाताना एवढं एकच काम सांगून गेली आन ते बी मला जमंना. ही नीट झाली की घेऊनच जाते. हातात काय तरी असू दे माझ्या."

"आवं, तिनं आईबाप सोडले. कोरफडीचं काय घेऊन बसलाय?"

गुणाक्का डब्यापशी बसून पानावरची धूळ पदरानं पुसायला लागली. माझा पाराच चढला. मी डबा तिच्या पुढनं ओढला आन मातीत बोट घातलं. नुसता रेंदा. वास कुबट. डब्याच्या बुडाला भोक कसलं ते न्हाई. झाड वर उचललं तर मुळं काळी पडलेली, बोटात धरली की गळून पडत हुती.

"ही तहानली न्हाई, बुडालीय," मी म्हणाले. "मूळ कुजलं की पाणी वर चढत न्हाई. मग पान तहानल्यावानी वळतं, आन तुमी वरनं आणखी वतताय."

"मी जीव वाचवायला वतत हुते गं," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून माझा राग तिथंच विरला.

कुजका भाग कापून टाकायला लागणार हुता. सुरी बघून गुणाक्का आत निघून गेली. मीच कापली, खाली पांढरा कोरा भाग लागंपतूर. वरचा शेंडा सुपात घालून सावलीला ठेवला, कापल्याली जागा वाळून खपली धरंपतूर. मग दुसऱ्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, विटांचे तुकडे आन नदीची वाळू भरली आन तो शेंडा त्यात उभा केला. बजावून सांगितलं, आता पाणी न्हाई. नव्या मुळाला घाई चालत न्हाई.

"मग जिवाणी?"

"कृष्णामाई काय आटलीय?"

तवापासनं रोज सकाळी ती जिवाणीची कळशी घेऊन घाटावर जायची. पाय दुखायचे, तरी जायची. घाटापतूर रोज चालणारी बाई, मिरजेच्या बसमधी मात्र पाय ठेवंना.

अण्णा आयतवारी मिरजेला जाऊन यायचे. आल्यावर गुणाक्का त्यांना काय इचारायची न्हाई. दिवस मावळायच्या आत ताट वाढायची आन ते बोलतील तेवढं कान देऊन ऐकायची. नवरात्रात कोरफडीच्या मध्यातनं नवं पान आलं, फिकट हिरवं, ताठ. मी म्हणाले, मूळ धरलं, आता जावा.

"खालचं पान अजून वळलेलंच हाय."

"ते जुनं हाय, राहू दे की तसंच."

"न्हाई गं. ती म्हणंल, आईनं नीट बघितलं न्हाई."

दिवाळी झाली. अण्णा हळदीच्या कामाला परगावी गेले. आन एका सकाळी गुणाक्का डबा घेऊन माझ्या दारात. खालचं पान बी उलगडलं हुतं, दाबलं तर टणक. धुवट साडी नेसली हुती. तिचं हसू मी लय दिवसांनी बघत हुते. डबा मांडीवर घेऊन आमी मिरजेला गेलो.

बस्तीत, म्हंजे जैनांच्या देवळात, एक बाई तांदूळ निवडत बसली हुती. "माताजी? त्यांचा विहार होऊन आठवडा झाला की," ती म्हणाली. "कर्नाटकात गेल्या. कवा निघायचं ते साधू आधी सांगत न्हाईत."

गुणाक्का खांबाला टेकून खाली बसली. त्या बाईला वाटलं, भक्तीनं आली असंल. ती आपली कौतुकानं सांगत सुटली. साध्वी जेवायला निघायच्या आधी मनात एक खूण धरत्यात. तशी खूण दारात उभ्या माणसापशी दिसली तरच त्या घरी आहार घ्यायचा, न्हाई तर उपाशी परतायचं. खूण काय ते कवाच कुणाला सांगायचं न्हाई. शेवटी शेवटी माताजींची खूण काय जुळंना. बायका नारळ घेऊन उभ्या राहिल्या, कलश घेऊन, ऊस घेऊन. माताजी बघायच्या आन पुढं जायच्या, तशाच उपाशी.

"मग?" मी इचारलं.

"मग एका घरची म्हातारी गडबडीत तशीच दारात आली. हातात काय बी न्हाई, नुसते हात जोडलेले. माताजी तिच्यापुढं थांबल्या."

परतीच्या बसमधी गुणाक्का खिडकीकडं तोंड करून बसली. विश्रामबाग आलं तवा म्हणाली, "शालूबाई, रिकाम्या हातानं गेले असते तर चाललं असतं का गं?"

खूण काय हुती ते कुणाला ठावं? दुसरंच काय तरी असंल. असं म्हणायला मी तोंड उघडलं, आन मला, शालूबाईला, बोलता आलं न्हाई.

पुढच्या उन्हाळ्यात खबर आली. तिकडंच कुठल्या गावात ताप आला आन माताजी गेल्या.

कोरफड अजून हाय. पिलं फुटून डबा भरलाय, मागंल त्याला गुणाक्का देती. पण ती स्वतः आता कुणाकडं जाताना हातात काय घेत न्हाई. बारसं असू दे, लग्न असू दे, आजारी माणूस असू दे. गल्लीतल्या बायका नावं ठेवत्यात, मी त्यांची तोंडं बंद करते. गुणाक्का रिकाम्या हातानं जाती, आन सगळ्यांच्या आधी जाती.