भर दुपारचा बर्फ

सुरतेला नोकरी करणाऱ्या माझ्या दिराने सुट्टीला येताना टीव्हीवर खेळायचा गेम आणला आणि जाताना तो आमच्याच घरी विसरून गेला. मला असल्या खेळांचा मनापासून राग. मी अमळनेरच्या शाळेत भूगोल शिकवत असे. रिकामटेकड्यांचे धंदे, असं मी दिराला तोंडावर म्हणाले होते. त्या गेमच्या नादी पहिल्यांदा लागले ते आबा, म्हणजे माझे सासरे.

चैत्रात आबांना शेतात ऊन लागलं. बांधावरच चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी पाऊस पडेपर्यंत शेत बंद केलं, तेव्हापासून ते खाटेवर बसून सगळ्यांवर डाफरत. त्या गेममध्ये एक गडी पाठीवर पिशवी घेऊन बर्फाचा डोंगर चढायचा. कोपऱ्यात दोन पट्ट्या, लाल आणि निळी. खाऊ सापडला की लाल वाढे. निळी संपली की गडी आडवा. बाकी सगळं जपानी लिपीत, तिथे मास्तरीणही अडाणीच.

"निळी म्हंजे पानी," आबांनी ठरवून टाकलं. "भर दुपारले कोन चालस? सावलीमा बसाड त्याले."

खानदेशातल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? वैशाखात आम्ही पहाटे निघतो, दुपारी दारं लावून पडतो, ऊन उतरलं की पुन्हा बाहेर. आबा गड्यालाही तसंच चालवत. पडद्यावर सूर्य वर आला की त्याला कपारीत बसवायचं, मावळला की चढायला लावायचं. निम्म्या डोंगरावर निळी पट्टी संपायची. रोज. "पानी कमी पडनं," म्हणत आबा पुन्हा पायथ्यापासून सुरुवात करत.

मला तिसऱ्याच दिवशी कळलं. निळी पट्टी म्हणजे पाणी नव्हे, अंगातली ऊब. उंचावर थंडी वाढते हे मी दरवर्षी सातवीच्या मुलींकडून घोकून घेत होते. पण सांगायचं कोणी? लग्नाला तीन वर्षं झाली होती. सासऱ्यांसमोर मी खाटेवर बसत नव्हते, डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हते. आबांचं चुकलं, असं तर सासूबाईंनीसुद्धा जन्मात म्हटलं नव्हतं. शाळेत माझा शब्द पंचावन्न मुली वहीत उतरवून घेत. घरात मला कोणी काही विचारत नसे. त्याची मला फार चीड होती. तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दाराच्या चौकटीला टेकून, तोंडात मिठाची गुळणी धरून रोज तो गडी मरताना पाहत उभी राहायचे.

एका दुपारी गडी पुन्हा कोसळला. आबांनी हातातली बटणांची डबी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड केलं. "मी आते काय कामना?"

या माणसाने स्वतःला कधी निकामी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही.

"आबा, तो तहानेनं मरत नाही, थंडीनं मरतो. त्याला उन्हात चालवा."

आता आपली रवानगी माहेरी धुळ्याला, असं मी मनात धरलं. आबा सावकाश वळले.

"कधीपासून म्हाईत शे तुले?"

"झाले पंधरा दिवस."

"मंग सांगं का नही?"

मी पदर आणखी पुढे ओढला. आबांनी चौकटीत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, माझ्या पदराकडे पाहिलं, आणि खाटेवर जरा सरकले. "आठे बस. वायर तथलोंग पुरत नही."

मी बसले. बटणं माझ्या हातात, नजर आबांची. सूर्य वर आला की चढायचं, मावळला की कपार. निळी पट्टी टिकू लागली! मात्र घाई होती. चारला रोज लाईट जायची, आणि लाईट गेली की सगळी चढाई पाण्यात. पावणेचारला आम्ही शेवटच्या कड्याखाली पोचलो. मी चढायला लागले तर आबा ओरडले, "थांब! वारा पडू दे. वावटळमा कोन चढस?" ते मात्र त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. वारा पडला, मी गडी वर नेला आणि त्याने शिखरावर झेंडा रोवला.

आबांनी खाटेवर अशी थाप मारली की शेजारच्या खोलीत झोपलेल्या सासूबाई, यांना पुन्हा चक्कर आली म्हणून धावत आल्या. त्यांना दाखवायला पडद्याकडे बोट केलं तोच लाईट गेली.

संध्याकाळी ओट्यावर शेजारची माणसं जमली. मी आत चुलीपुढे होते. बाहेरून आबांचा आवाज आला.

"बर्फना डोंगर व्हता. मन्ही सून चढनी. मी नुसता सावलीमा बसेल व्हतू."

मला इतका आनंद झाला की तव्यावरची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी उलटायचीच राहिली. जेवताना ती करपलेली भाकरी आबांनी आपल्या ताटात मागून घेतली.