कळल्यासारखं हसायचं

गारखेड्यातल्या मूकबधिर शाळेच्या वसतिगृहात अण्णांनी माझी पेटी ठेवली, तेव्हा आई काहीतरी बोलली. पण रडताना तिनं तोंडाला पदर लावला होता, मग ओठ दिसणार कसे? मी नुसती मान हलवली. आठ वर्षांची होते. आदल्या वर्षी तापानं माझे दोन्ही कान नेले, आणि न कळता मान हलवायला मी तेवढ्यात पक्की शिकले होते.

बहिरेपण एक वेळ सोसेल, पण आपल्याच घरात परकं होणं सोसत नाय. सगळे हसले की मी आईचा हात ओढायचे, 'काय झालं?' ती म्हणायची, 'काय नाय, मग सांगते.' मेलं ते 'मग' कधी आलंच नाय! शेवटी मीच युक्ती काढली. सगळे हसले की आपणही हसायचं.

गावच्या शाळेत बाई फळ्याकडं तोंड करून शिकवायच्या. रोज सकाळी माझ्या पोटात कळ यायची. घरचे म्हणायचे, सोंग करती. सोंग कसलं, बाबांनो? पोट खरंच दुखायचं.

त्या हिवाळ्यात हुरड्याला सगळं गणगोत शेतात जमलं. आगटीच्या धुरात कुणाचे ओठ धड दिसेनात. काकू बोलत होती. कुणीतरी माझ्याकडं बघितलं, मला वाटलं हसायचंय, आणि मी आपली मोठ्यानं हसले. काकू तिच्या गेलेल्या बाळाचं सांगत होती. अण्णांनी सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत दिली. त्यानंतर मी हसणं सोडलं, जेवण टाकलं, डोक्याचे केस उपटायला लागले. अंगारे-धुपारे झाले. शेवटी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी अण्णांना सांगितलं, 'पोरगी वेडी नाही, एकटी पडलीये.' म्हणून हे वसतिगृह.

इथं पोरी हातांनी भांडायच्या, चुगल्या करायच्या, वॉर्डनबाईंच्या चालण्याची नक्कल करायच्या. कान गेल्यापासून पहिल्यांदा मला कळून हसू आलं. पुढं शेंद्र्याला कंपनीत लागले, नवराही हातांनी बोलणारा मिळाला. आता मैत्रिणींना व्हिडिओ कॉल लावला की आमटी करपली तरी भान नसतं. गावी गेले की मात्र दुसऱ्या दिवशी पोट दुखायला लागतं. माझी भाषा माझ्याच माणसांना येत नाय, आणि कुणाला शिकावीशी वाटली नाय.

औंदा भावाच्या नातवाच्या जावळाला गेले. अण्णा आता नाहीत. आईलाही कमी ऐकू येतं. सगळी मंडळी कशावरून तरी खो-खो हसली. आई इकडंतिकडं बघत राहिली आणि सगळ्यांच्या मागून हसली. तिनं माझं मनगट धरून विचारलं, 'काय म्हणले गं?' मला तरी काय ठाऊक?

गाववाल्यांनो, तुम्ही विचारता, घरी का येत नाय? जिथं झालेली गोष्ट तेव्हाच सांगतात, ते माझं घर. आईला मी इकडंच आणलंय. माझ्याकडून हातांची भाषा शिकते. बोटं वळत नाहीत म्हणून चिडते.

परवा तिनं विचारलं, 'तुला तवा असंच व्हायचं का गं?' मी 'व्हय' म्हटलं. लई रडली. इतक्या वर्षांनी आईला माझं दुखणं कळलं. पण ते कळायला तिचे कान जावे लागले, आणि असं तिला कळावं, हे मी कधीच मागितलं नव्हतं.