अण्णांचं राहून गेलेलं पदक

जुन्या लढायांतल्या शौर्यासाठी उशिरा का होईना पदक देता यावं, मुदतीची अट काढावी, असं विधेयक संसदेत मांडल्याची बातमी मी कचेरीत वाचली. मग कामात लक्षच लागेना. माझे वडील, अण्णा, एकाहत्तरच्या लढाईत होते. सुरुंग पेरलेल्या शेतातून त्यांनी जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन आणलं होतं. त्यांचं नाव पदकासाठी कळवणार होते ते साहेब दुसऱ्याच दिवशी मारले गेले आणि गोष्ट तिथंच राहिली.

अंकुशनगरला अण्णांना फोन लावला. "राहू दे," म्हणाले आणि ठेवून दिला.

मला राहवेना. चौकशी केली, तर कायदा झालाच तरी डोळ्यांनी पाहिलेल्याचा जबाब लागेल असं कळलं. तसा माणूस एकच उरला होता, अण्णांनी पाठीवर आणलेले ते सोबती, चाचा. रविवारी एसटीनं शहागड गाठलं. चाचा मुलाच्या टायरच्या दुकानात बसले होते, एक पाय नकली.

"सही करतो, बिलकुल करतो," म्हणाले, आणि पेन हातातच राहिलं. "पण बेटी, त्यानं तुला पुरं सांगितलं का?"

"काय?"

"आम्ही दोघं पडल्तो. दुसरा पोरगा साताऱ्याकडचा. तो हाका मारून राह्यल्ता. माझा आवाजच फुटत नव्हता. तुझा बाप आधी माझ्याकडं आला. मंग त्याच्यासाठी परत गेला, तवर तो गेल्ता."

चाचांनी सही केलेला जबाब घेऊन परतीच्या वाटेवर अंकुशनगरला उतरले. अण्णा ओट्यावर बसले होते. मी उभ्या उभ्याच विचारलं.

"मला वाटलं, वरडतोय म्हंजे दम हाय त्याच्यात. थोडा वेळ निघंल. न्हाई निघाला."

पदकासाठी लिहून आणलेला अण्णांचा अर्ज मला फाडून टाकावासा वाटला. अण्णांनीच तो हातात घेतला, चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचला.

"ह्याच्यात त्याचं नाव कुठं लिवायचं?"

तशी जागा नव्हती. मग त्याच्यासाठी वेगळा कागद घेतला. सगळ्यांच्या पुढं तोच होता, वाट त्यानंच मोकळी केली होती, हे अण्णा सांगत गेले आणि मी लिहीत गेले. आपल्या अर्जावर त्यांनी सही केली, पण हा कागद आधी जाईल असं माझ्याकडून कबूल करून घेतल्यावरच.

विधेयक अजून चर्चेला आलेलं नाही. मी साताऱ्याकडचं ते घर शोधते आहे. सापडलं तर तिथं काय सांगायचं, असं अण्णांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते उठून अंगणात गेले.