फेसाखालचा होकार

माझ्या भावाला सगळे मौनी म्हणतात. आमचे वडील न्हावी, तोही न्हावी. पण वडील कात्रीपेक्षा जिभेने जास्त कापायचे आणि हा निघाला अगदी उलटा. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की एकदाच विचारणार, "नेहमीसारखं?" मग कात्रीचा आवाज, ब्रशचा आवाज, बाकी शांतता. लोकांना वाटतं, न्हाव्याकडे माणूस गप्पा मारायला जातो. माझ्या भावाकडे लोक गप्प बसायला यायचे. घरी बायको बोलते, कामावर साहेब बोलतो, खिशातला फोन बोलतो. जिथे कोणी काही मागत नाही अशी ती एकच खुर्ची होती.

मला हे ठाऊक, कारण माझं इस्त्रीचं दुकान त्याच्या दुकानाला लागून आहे. मधल्या भिंतीत एक खिडकी आहे. त्याचे टॉवेल मी धुते, वाफवते आणि गरम असतानाच त्या खिडकीतून आत देते. त्यामुळे तिकडचं सगळं इकडे ऐकू येतं. मला चोरून ऐकायची हौस नाही, पण कानांना काही झाकण नसतं.

कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर त्याचं जुनं गिऱ्हाईक. नाव दाढीचं, यायचे झोपायला. मान मागे टाकली, तोंडावर गरम टॉवेल पडला, की त्यांचा सूर लागलाच. मौनी त्या घोरण्याला धक्का न लावता वस्तरा फिरवायचा. गळ्यावर पातं असताना माणूस घोरतो, याहून मोठं प्रशस्तिपत्रक न्हाव्याला मिळत नाही. ते त्याला रोज मिळत होतं, आणि या गाढवाने ते एका पावडरच्या डब्यावर घालवलं.

झालं असं की त्याच्या बायकोच्या मावसभावाने त्याला एका ऑनलाइन धंद्यात ओढलं. धंदा हिरव्या पावडरचा. ती पाण्यात ढवळून प्यायची. तिने म्हणे केस गळायचे थांबतात, गुडघे दुखायचे थांबतात, वय वाढायचंसुद्धा जरा थांबतं. मी चाखली. ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. पण पावडर नुसती निमित्ताला होती. खरा धंदा माणसांचा. आपल्या खाली माणसं जोडायची, जोडलेल्या प्रत्येकाने आत शिरताना डबे घ्यायचे, आणि त्यातला वाटा वर वर सरकत जायचा. वर कोण, तर 'सर'. हे सर रोज संध्याकाळी फोनमध्ये उगवायचे. पाठीमागे एक गाडी उभी असायची. रोज तीच गाडी, आणि रोज उभीच. त्यांनी मौनीला 'चांदी' असं पद दिलं होतं. पुढे सोनं, त्यापुढे हिरा. चांदीचं पद म्हणजे काय, तर स्वतःच्या पैशाने घेतलेले डबे स्वतःच्या पलंगाखाली ठेवायचा मान.

"ही पावडर विकत घेतं कोण?" मी एकदा विचारलं.

"आपली टीम आहे ना, ताई."

"टीम विकते ना? घेतं कोण?"

"टीमच घेते. सर म्हणतात, आधी स्वतः वापरायचं."

"म्हणजे सगळे न्हावी एकमेकांचे केस कापतायत, आणि धंदा वाढला म्हणतायत."

"तुझी मानसिकता नोकरदाराची आहे," तो म्हणाला.

मला जन्मात कोणी नोकरी दिलेली नाही. वाक्य सरांचं होतं. दिसेल त्याच्या कपाळावर ते चिकटवायचं, एवढंच या शहाण्याला शिकवलेलं.

मग सरांनी त्याला सांगितलं की तुमच्याकडे तर खजिना आहे, तुमच्या खुर्चीतून माणूस मध्येच उठून जाऊ शकत नाही. त्या दिवसापासून मौनी बोलायला लागला. बोलायचा मुहूर्त कोणता, तर फेस लावल्यावरचा. गालभर फेस, ओठांवर फेस, वस्तरा गळ्याशी. अशा वेळी कुठलाही शहाणा माणूस तोंड उघडत नाही की मान हलवत नाही. हा वाकून विचारणार, "साहेब, तुम्हालाही जोडून घेऊ ना?" समोरून उत्तर नाही. नाही म्हटलं नाही, म्हणजे हो. मी गंमत करत नाही, तो खरंच तसं धरायचा. जन्मभर गप्प राहून धंदा केलेला माणूस. गिऱ्हाईक गप्प आहे म्हणजे ठीक चाललंय, एवढं एकच त्याला वाचता यायचं. थोडा बडबड्या असता तर लोक किती तऱ्हांनी नकार देतात ते तरी त्याला कळलं असतं.

दाढीची वेळ ठरवायला लोकांनी दिलेले नंबर त्याच्या फोनमध्ये होतेच. ते त्याने एकेक करून सरांच्या ॲपमध्ये भरले.

दोन-चार दिवसांत डॉक्टर शर्टांचं गाठोडं घेऊन माझ्याकडे आले. फोन माझ्यापुढे धरला. सरांचा संदेश होता, 'अभिनंदन, आमच्या कुटुंबात स्वागत आहे.'

"बाई, तुमच्या भावाने मला कसल्या कुटुंबात घेतलंय?" ते म्हणाले. "मला माझंच आवरत नाही."

मी शर्ट मोजायचं नाटक केलं.

"माझ्याही खुर्चीत माणसाला बोलता येत नाही," ते म्हणाले. "मी फक्त दुखतंय का तेवढं विचारतो."

त्या दिवशी ते दाढी न करताच गेले. पुढच्या आठवड्यात मी त्यांना समोरच्या नव्या सलूनमध्ये शिरताना पाहिलं. त्यांच्यामागून बाकीचेही पांगले. मला कोणी सांगायची गरज नव्हती. खिडकीतून जाणाऱ्या टॉवेलांचा ढीग कमी होत होत एका हातात मावायला लागला.

एवढं झाल्यावर कोणीही भानावर आलं असतं. आमचे चिरंजीव आणखी वर चढले. एक दिवस खिडकीत येऊन मला म्हणाले, "ताई, मी दुकान सोडतोय. सर म्हणतात, दोन्ही दगडांवर पाय ठेवून हिरा होता येत नाही. उद्या सकाळी माणूस येतोय खुर्ची बघायला."

खुर्ची वडिलांची. लोखंडी, जड, मागे कलणारी. ती विकून हा आणखी डबे घेणार होता. खुर्ची गेली की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की माझी वहिनी आणि शाळेतली भाची खाणार काय? ओला पुठ्ठा? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडून उपयोग नव्हता. ओरडणाऱ्या नातेवाइकांचं काय करायचं तेही सरांनी शिकवून ठेवलं होतं. त्यांना 'नकारात्मक लोक' म्हणायचं.

संध्याकाळी मी पुढच्या दाराने त्याच्या दुकानात गेले. आरशाला टेकवलेल्या फोनमध्ये सर गाडीपुढे उभे होते आणि हा हात जोडल्यासारखा समोर बसला होता.

"दाढीचे खुंट बघ," मी म्हटलं. "हिरा व्हायचंय ना? ये, बस खुर्चीत."

बसला. कौतुक झालेलं त्याला आवडतं. वडिलांनी मलाही वस्तरा धरायला शिकवला होता. मी टॉवेल दिला, ब्रश घोळला आणि सढळ हाताने फेस लावला, पार ओठ बुडेपर्यंत. मग वस्तरा गळ्याशी नेला.

"आता ऐक. ही खुर्ची उद्यापासून माझी. दुकानही माझ्या नावावर करायचं. तू माझे टॉवेल धुवायचे. चालेल ना?"

त्याचे डोळे मोठे झाले. खुर्चीच्या हातावरची बोटं वर आली.

"काही बोलला नाहीस. म्हणजे कबूल," मी म्हटलं.

तेवढ्यात फोनमधून सर म्हणाले, "कोणाला काही शंका? नाही ना? मला माहीतच होतं. आपल्या कुटुंबात शंका नसते."

पडद्यावर माणसांचे चेहरे चौकटी-चौकटीत बसवलेले होते, आणि प्रत्येक चौकटीत माइकवर लाल काट मारलेली. मी वस्तरा बाजूला घेतला, त्याचे ओठ पुसले.

"ही काट कसली?"

"सर सगळ्यांचा आवाज बंद ठेवतात. शिस्त लागते," तो म्हणाला.

"तुझा उघड."

त्याने बोट लावलं. उघडेना. पुन्हा लावलं.

"मग लिहून विचार. टीमबाहेरच्या किती लोकांनी डबा विकत घेतला?"

"असं विचारत नसतात, ताई."

"तू खुर्ची विकायला निघालायस. एवढं विचार, मग खुशाल वीक."

त्याने लिहिलं. बोटाचा फेस पडद्याला लागला. प्रश्न क्षणभर दिसला आणि पुसला गेला. त्याने पुन्हा तोच लिहिला. या वेळी सरांचा चेहरा गेला, गाडी गेली, सगळ्या चौकटी गेल्या. 'तुम्हाला या गटातून काढण्यात आले आहे', एवढीच एक ओळ उरली. एका साध्या प्रश्नाने ज्याची फे फे उडते, त्या माणसाने माझ्या भावाची बिनपाण्याने केली होती.

त्याने पडद्यावरचा फेस पुसला, ओळ तशीच होती. गालावरचा फेस सुकायला लागला.

"मी विचारलं तेव्हा डॉक्टर हात हलवत होते," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, माशी हाकलतायत."

"मूर्ख आहेस तू," मी म्हटलं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींचा राग येत होता. मी ब्रश पुन्हा भिजवला आणि त्याची दाढी पुरी केली.

खुर्ची बघायला आलेल्या माणसाला मी दारातूनच वाटेला लावलं. मौनी एकेका गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन मान खाली घालून आला. पोलिसांत तक्रारही केली, पण तोवर सरांचा नंबर बंद झाला होता. डबे अजून पलंगाखाली आहेत. सर आता दुसऱ्या नावाने लाल पावडर विकतात. पाठीमागे गाडी तीच, अजून तिथेच उभी. मावसभाऊ त्यांच्याकडेही सोनं झालाय.

बऱ्याच दिवसांनी डॉक्टर आले. मी सगळ्यात मऊ टॉवेल वाफवला, खिडकीतून दिला आणि इस्त्री बाजूला ठेवून कान देऊन उभी राहिले. घोरणं काही ऐकू येईना. म्हणून वाकून पाहिलं. टॉवेल काढलेला होता. डॉक्टरांची मान मागे होती, पण डोळे उघडे होते, आणि आरशातून ते मौनीच्या हातांकडे बघत होते.

"नेहमीसारखं?" मौनीने विचारलं.

ब्रश ओठांपाशी येण्याआधी डॉक्टरांनी कापडाखालून हात बाहेर काढला आणि त्याचं मनगट धरलं.

"फक्त दाढी," ते म्हणाले.

मौनीने मान हलवली. हात सुटेपर्यंत तो तसाच थांबला, आणि मग त्याने फेस लावायला घेतला.