म्हैस आणि इंची पाने

दामोदर खराडे हा गडी मूळचा कवठेमहांकाळकडचा. पुण्याच्या घोरपडी रेल्वे डिझेल शेडमध्ये अकरा वर्षं इंजिनांच्या पोटात शिरून निघालेला, मग एका कंपनीमार्फत हॉलंडला आलेला. तिथं राहायच्या परवान्याच्या कागदावर त्याला ‘ज्ञानी स्थलांतरित’ म्हटलं होतं. शेडमध्ये मात्र त्याला ‘काळं बोट’ म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तेच नाव त्याला शोभायचं. इंजिन चालू असताना डिझेलच्या बारक्या नळ्यांवर बोट ठेवायचा आणि कुठला सिलिंडर राबतोय, कुठला नुसता बसून खातोय, ते वैद्यानं नाडी बघावी तसं सांगायचा.

रॉटरडॅमजवळच्या डेपोत त्याच्या गळ्यात पडलं होतं एक ब्रिटिश डिझेल इंजिन. वीसेक वर्षं इंग्लंडात कोळशाच्या वाघिणी ओढल्या, मग मालकांनी नवी इंजिनं घेतली आणि हे धूड बाजूच्या रुळावर गवतात उभं केलं. तिथून एका डच कंपनीनं ते भाड्यानं आणलं, बंदरातले कंटेनर उत्तरेला न्यायला. कंबर अरुंद, दोन्ही टोकांना रुंद केबिनी, पोटात बारा सिलिंडर. दामोदर त्याला म्हैस म्हणायचा. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, ही म्हैस लाथाही मारायची आणि हजारभर टन निमूट ओढायचीही.

पण सप्टेंबरात दोनदा ती वाटेत बसली. वरून निरोप आला: तिसऱ्यांदा गाडी चुकली की इंजिन परत, म्हणजे थेट भंगारात. दामोदरचं कंत्राट म्हशीच्या शेपटीला बांधलेलं. ती गेली की त्याचा परवाना संपला, द हेगचं घर सुटलं आणि बिऱ्हाड परत मिरजेच्या गाडीत.

तर तो ऑक्टोबरातला मंगळवार. दोनची गाडी. सकाळी साडेनऊला म्हैस सुरू केली, तर तिनं काळाकुट्ट धूर सोडला आणि दम्याच्या माणसासारखी धापा टाकू लागली. डेपोचा मुकादम शूर्ट, सहा फूट चार इंच उंच, धावत आला.

“काय झालं?”

दामोदरनं बोट दाखवून त्याला गप्प केलं. एकेका नळीवर बोट ठेवत गेला. एक, दोन, तीन, ठोके बरोबर. सातव्यावर थांबला. परत ठेवलं. पोळलेलं बोट झटकलं आणि हसलाच.

“सात नंबर मेलाय. इंजेक्टर बदलायचा. तासाभराचं काम.”

“नवा आहे का?”

“कपाटात आहे.”

शूर्टनं दामोदरची हत्यारांची पेटी ओढली. हलकी लागली. झाकण उघडलं. आत एक चिंधी आणि अर्धं बिस्कीट.

आता इथं गोम होती. अख्ख्या डेपोत सगळे पाने मिलिमीटरचे, आणि म्हैस इंचांची. इंची पाने होते ते एका ब्रिटिश फिटरकडे, तो ऑगस्टात पेटी उचलून मायदेशी गेला. उरले ते दामोदरनं घोरपडीहून आणलेले. आणि ते काल संध्याकाळी हा शहाणा घरी घेऊन गेला होता, कारण आज खंडेनवमी.

“घरी कशाला नेले?” शूर्ट म्हणाला.

“पूजेला.”

“पान्यांच्या?”

“वर्षातनं एक दिवस. धुऊन, हळदकुंकू लावून ठेवायचे. उद्यापर्यंत हात लावायचा न्हाई.”

शूर्टनं रिकाम्या पेटीचं झाकण आपटलं. “पान्यांना सुट्टी हवी होती, तर अर्ज द्यायचा होता.”

मग त्यानं स्वतःचा पाना लावून बघितला. सतरा बसेना, अठरा घसरला. तिसऱ्यांदा जोर करायला लागला तसा दामोदरनं त्याचं मनगट धरलं. “नट गोल झाला तर तुझा बाप आला तरी निघायचा न्हाई.”

त्यानं घरी फोन लावला. बायकोनं, जयंतीनं उचलला.

“अगं, पूजा झाली?”

“आत्ताच. का हो?”

“म्हस अडलीय. पाने पायजेत.”

“नवमीला पूजलेलं हत्यार उचलायचं? आणि हे तुम्ही सांगताय? गेल्या वर्षी मी सुरी उचलली तर दिवसभर बोलत होता.”

“बोललो. चुकलं. दोनची गाडी हाय.”

“दोनच्या गाडीचं मला माहीत आहे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

येते म्हणाली का नाही म्हणाली, त्याला कळेना. तरी तो कामाला लागला. झाकणं काढली, नवा इंजेक्टर पुसला, वॉशर मांडून ठेवले. अकरा वाजले. साडेअकरा. शूर्ट दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचा आणि कंपनीच्या साहेबाला फोनवर “होतंय” म्हणून थापा मारायचा.

बारा वाजून वीस मिनिटांनी फाटकातून सायकल आली. वर रेनकोट, खाली नारळी काठाची साडी, पुढच्या पेटीत नव्या टॉवेलात गुंडाळलेली हत्यारं. ट्रेनमध्ये सायकल चढवून, स्टेशनापासून वाऱ्याच्या तोंडावर पॅडल मारत जयंती आली होती. दम खात तिनं पेटी उतरवली.

“अक्षता टाकून आलेय. हलवले देव. काही खोट लागली तर माझ्या माथी. घ्या.”

पाने पिवळेलाल, त्यांवर पांढऱ्या शेवंतीच्या पाकळ्या चिकटलेल्या. शूर्ट वाकून बघू लागला.

“गंज आहे?”

“कुंकू,” जयंती म्हणाली. “पुसू नका.”

दामोदर कुठला पुसतोय. अकरा-सोळांश इंचाचा पाना नटावर बसला तो असा, की जणू नट त्याचीच वाट बघत होता. तेल, हळद, घाम, सगळं एक झालं. जुना इंजेक्टर निघाला, नवा बसला, नळी आवळली. एक वाजून अडतीस मिनिटं. शूर्ट केबिनीत चढला.

म्हैस दोनदा खाकरली आणि मग अशी हंबरली, की पलीकडच्या शेडमधली दोन डच पोरं हातातला पाव घेऊन बाहेर आली. दामोदरनं सातव्या नळीवर बोट ठेवलं. ठोका. ठोका. ठोका.

“जोडा रे डबे,” तो मराठीतच ओरडला. कुणी विचारलं नाही, काय म्हणतोस. माणसं पळालीच. शूर्ट खाली उतरला, ड्रायव्हर केबिनीत चढला.

दोन वाजून सहा मिनिटांनी छत्तीस कंटेनर घेऊन ती हलली. शेवटचा डबा वळणाआड गेला तरी तिघं रुळाकडेच बघत उभे. पोहोचेपर्यंत काही खरं नव्हतं. जयंती घरी गेली नाही. डेपोतली पाणचट कॉफी पीत बाकावर बसून राहिली.

साडेपाचला शूर्टचा फोन वाजला. ऐकून त्यानं खिशात टाकला.

“वेळेत पोचली. इंजिन मार्चपर्यंत ठेवतायत.”

“आणि मी?” दामोदरनं विचारलं.

“तूही. पण पुढच्या वर्षी तो सण कधी आहे, ते आत्ताच फळ्यावर लिहून ठेव.”

“तिथीवर असतं ते,” जयंती म्हणाली. “पंचांग बघून कळवते.”