पाठमोरी विरहिणी

भुतं, शकुन, अंगात येणं — यांपैकी कशावरही मी आजवर विश्वास ठेवलेला नाही. मी गिरणीच्या हिशेब खात्यात आहे. बेरीज जुळली नाही तर चूक शोधतो, नवस बोलत नाही. तरीही घडलं ते लिहितो. पटलं तर पटलं.

स्थळ सोलापूर, भवानी पेठ, आमची पुढची खोली. सन १९३४चा श्रावण, भर दुपार. भिंतीवर माझी थोरली मुलगी यमुना आणि जावई यांचा लग्नानंतर काढलेला फोटो. मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा — जुन्या संस्कृत शृंगारकाव्यात असते तशी विरहिणी, सज्जात उभी, हातात कमळ, डोळे प्रियकराच्या वाटेकडे. फोटोवाल्याने जावयाला अशा बेताने बसवलं होतं, की तिची नजर थेट त्याच्यावर पडावी.

यमुना पंचमीला माहेरी आली, ती परत जायचं नाही म्हणूनच. तिचे सासरे अक्कलकोटहून तिला न्यायला आले. दारात टांगा उभा.

"संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच की, आप्पाराव," ते म्हणाले.

"भांडं नव्हे मामंजी, उलथनं. तापवलेलं," यमुना म्हणाली आणि तिनं पोलक्याची बाही वर केली. व्याह्यांनी चहाची बशी तोंडाला लावली.

मी म्हणालो, "मी पाठवणार नाही."

"व्हय, घे ठेवून!" माझी थोरली बहीण, आक्का, कडाडली. "मग धाकटीला कोण करून घेणार रे? ऊठ गं बाई, बांध बोचकं. पुरुषाचा हात उठतोच."

यमुना उठली. आत जाऊन खरंच लुगडी बांधू लागली...

मी काही बोलणार, इतक्यात व्याह्यांच्या हातातली बशी कलंडली. ते फोटोकडे बघत होते. मीही पाहिलं. विरहिणी पाठमोरी होती. सज्जा तोच, कमळ तेच — चेहरा नाही. पाठीवर लांब वेणी.

"अवलक्षण हाय हे," व्याही पुटपुटले. "राहू द्या पोरीला हितंच." आणि टांग्यात एकटेच बसून गेले.

फ्रेमच्या मागचा कागद होता तसाच चिकटलेला. मी फोटो घेऊन स्टुडिओत गेलो. पडदा फोटोवाल्यानंच रंगवलेला. त्यानं काचेच्या जुन्या प्लेटवरून नवी प्रत काढली. तिच्यात बाई समोर बघते आहे. पडद्यावरही. बाकी सगळं मी पट्टी लावून मोजलं — तंतोतंत. भिंगाखाली खरवडल्याची खूण नाही, ब्रशची नाही.

"कधी पाठमोरी काढली होती का तुम्ही?"

"पाठ कोण काढतो, साहेब? गिऱ्हाईक चेहऱ्याचे पैसे देतं."

आता आक्काच पेठभर सांगते, "देवीनंच सांगितलं, पोरीला धाडू नका." बाया नारळ घेऊन बघायला येतात. परवा अशाच एकीपुढे यमुनेनं पाण्याचा तांब्या धरला, बाही सरकली, डाग उघडे पडले. बाईनं तांब्या घेतला. "कुटं हाय ती वेणी?" म्हणत भिंतीकडे वळली.

चित्र कसं बदललं, याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

ती बाई गेल्यावर यमुनेनं विचारलं, "आप्पा, फोटोतली ही वळली नसती, तरी तुम्ही मला ठेवून घेतलं असतं?"

"हो," मी म्हणालो.

तिनं ऐकून घेतलं आणि आत निघून गेली.