वाळवंटात डबल बेल

कंडक्टरच्या बॅगेच्या तळाशी तिकिटांचे कपटे साठतात, तसे किस्से साठतात. कुणी जमवत नाही, पण एक दिवस बॅग जड लागते. आज मी ती उलटी करतोय. जे पडेल ते तुमचं!

मी नाना. शिक्षण सातवी, तीही गुरुजींना माझा कंटाळा आला म्हणून झाली. सगळी हयात सरकारी लाल गाडीवर कंडक्टर होतो. मुलगा कॉम्प्युटरमध्ये शिरला तो थेट ऑकलंडला बाहेर निघाला, आणि म्हातारपणी आम्ही नवराबायको त्याच्या मागोमाग तिथल्या न्यू लिन उपनगरात आलो. तिथल्या मॉलबाहेरच्या बाकावर रोज सकाळी आमची तिघांची बैठक. मी, बापू आणि जोशी सर.

बापू कोल्हापूरकडचा, लाल गाडीवरच ड्रायव्हर. आमचे डेपो वेगळे होते, त्यामुळे नोकरीत भांडायचं राहून गेलं. ते न्यू लिनमध्ये व्याजासकट भरून काढलं. मी त्याला डायवर म्हणतो, तो मला कंडक्टर. जोशी सर रिटायर्ड हेडमास्तर. त्यांना सगळ्यातलं सगळं माहीत असतं आणि सगळ्याची भीती वाटते.

*

बापूचा मुलगा नितीन. इंजिनीअर, गुणी, पण जन्माला आला तोच ब्रेकवर पाय ठेवून!

बापू नवीन आला होता तेव्हाची गोष्ट. एका सकाळी नितीनची गाडी काढून तो कोपऱ्यावरच्या डेरीत दूध आणायला गेला. डेरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान, म्हशी शोधू नका. बापूला घाटाची सवय. वळण आलं की हॉर्न! आणि न्यू लिनच्या गल्ल्या म्हणजे वळणंच वळणं. बापूने एकही वळण सोडलं नाही. लोक गाऊन घालून दारात आले. एका गोऱ्या आजीला वाटलं लग्नाची वरात निघाली, तिने हात हलवून आशीर्वाद दिले.

घरी नितीन तापलेला. "बाबा, या देशात हॉर्न वाजवणं म्हणजे माणसाला शिवी देणं!"

बापू शांतपणे म्हणाला, "मग आज मी अख्ख्या गल्लीला दिली. कुणी उलटून दिली नाही. चांगली माणसं आहेत."

बापूची नात म्हणाली, "आजोबा, यू आर सो एम्बॅरसिंग!" बापूने मला अर्थ विचारला. मी म्हटलं, "फार झकास चालवता, म्हणतेय." खूष होऊन त्याने तिला दोन आइस्क्रीम घेऊन दिली!

पण त्या दिवसापासून गाडीची चावी तांदळाच्या डब्यात गेली आणि बापू बाकावर आला. बसल्या बसल्या त्याचा डावा पाय फरशीवर क्लच दाबायचा. त्याला कळायचंही नाही.

"कॉलेजला असताना नितीन रोज माझ्याच गाडीने कराडला जायचा," बापू सांगायचा. "माझ्या मागच्या सीटवर ढाराढूर झोपायचा. स्टॉप आला की मी उठवायचो. माझ्या गाडीत झोपून झोपून इंजिनीअर झाला, आणि आता म्हणतो, बाबा, तुम्ही चालवलंत तर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही!"

एके दिवशी म्हणाला, "कंडक्टर, एकदाच. एकदा सरळ रस्ता आणि हातात स्टेअरिंग. मग ती चावी तांदळात ठेवा नाहीतर समुद्रात टाका."

यावर मी त्याची चेष्टा केली नाही. म्हणजे बघा, प्रकरण किती गंभीर होतं!

*

नितीनची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली आणि घरात नितीनला बापाच्या त्या डाव्या पायाशिवाय बघायला काही उरलं नाही. त्याला दया आली असावी. त्याने आमच्या बाकावर येऊन जाहीर केलं, "आपण सगळे ऑस्ट्रेलियाला जाऊ. मधल्या लाल वाळवंटात, भाड्याची व्हॅन घेऊन. उलुरूचा मोठा खडक बघू."

बापूने पहिला प्रश्न विचारला, "रस्ता कसा आहे?"

"एकदम सरळ, बाबा. पण चालवणार मी."

बापूने कोल्हापूरहून येतानाच परदेशात गाडी चालवायचा परवाना काढून आणला होता. तो त्याने गुपचूप बनियनच्या खिशात घातला. हे मी पाहिलं. मी काय पाहिलं नाही ते विचारा!

जोशी सरांनी तयारीची सूत्रं हातात घेतली. लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि बाकावर रोज एक प्राणी. सोमवारी साप, मंगळवारी कोळी, बुधवारी मगर. आमची ही म्हणाली, "सर, तिथे माणसं राहतात ना?"

सर म्हणाले, "राहतात. पण सावधपणे."

*

सरांची खरी दहशत एअरपोर्टच्या कुत्र्याची. ऑस्ट्रेलियात फळं, भाज्या काही नेऊ देत नाहीत, कुत्री बॅगा हुंगतात. मी त्यात माझी फोडणी घातली. "सर, भुंकलं तर काही नाही. कुत्रं जवळ येऊन गप बसलं, की तो माणूस गेला!"

सरांनी आमची प्रत्येक पिशवी तपासली. हिच्या पर्समधून सुपारी काढून टाकली. माझ्या खिशातून खडीसाखर.

सिडनीला उतरलो. कुत्रं आलं, आमच्या रांगेतून शेपटी हलवत चाललं आणि सरांच्या पायाशी येऊन गप बसलं!

सरांनी दोन्ही हात वर केले. कोटाच्या खिशात विमानात मिळालेलं सफरचंद होतं. अन्न टाकू नये, असं जन्मभर मुलांना शिकवलेलं, ते टाकवलं नाही.

ऑफिसर हसतमुख होता. सफरचंद घेऊन त्याने विचारलं, "एनिथिंग एल्स टु डिक्लेअर, सर?"

हात तसेच वर ठेवून सर म्हणाले, "यस. हाय ब्लडप्रेशर!"

*

सिडनीहून दुसरं विमान पकडून वाळवंटाच्या मधल्या ॲलिस स्प्रिंग्ज गावी उतरलो. काय तिथल्या माश्या! त्या चावत नाहीत, फक्त नाकाडोळ्यांत राहायला येतात. म्हणून तिथे डोक्यावरून जाळी घालतात. हिने जाळी घातली तेव्हा मी म्हटलं, "अगदी लग्नातल्यासारखी दिसतेस."

ती म्हणाली, "तुम्ही नका घालू. तुम्हाला बघून माश्यांनाच जाळी लागेल."

*

व्हॅन घ्यायला काउंटरवर गेलो. नितीन बॅगा मोजायला बाहेर थांबलेला. सवयीने माझ्या तोंडून "किआ ओरा!" हा न्यूझीलंडचा नमस्कार निघून गेला आणि काउंटरवरची पोरगी उडालीच. ती निघाली आमच्याकडची, ऑकलंडजवळच्या हॅमिल्टनची, तिथल्या रोटोटुनाची! सुट्टीत कामाला आलेली. आम्ही दोघं त्या वाळवंटात गावचं माणूस भेटल्यासारखे हसलो.

बुकिंगवर नितीनचं नाव बघून तिने विचारलं, "नितीनबरोबर आणखी कुणी ड्रायव्हर?"

मी बापूच्या बनियनच्या खिशात हात घातला, परवाना काढला आणि काउंटरवर आपटला. "धिस मॅन. बस ड्रायव्हर. बिग माउंटन. हीप्स ऑफ माउंटन!"

तिने परवाना बघितला, बापूकडे बघितलं. बापू सलाम ठोकायच्या तयारीत उभा. "स्वीट ॲज!" ती म्हणाली, म्हणजे आपलं 'झकास', आणि इन्शुरन्सच्या कागदावर बापूचं नाव घातलं.

बाहेर आल्यावर बापूला पूजा हवी. पूजा केल्याशिवाय नव्या गाडीचं चाक फिरवायचं नाही, हा त्याचा नियम. लिंबं आणि नारळ समोरच्या सुपरमार्केटात मिळाले. चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि बापूने यार्डातच कठड्यावर नारळ फोडला. आवाजाने ती पोरगी धावत आली. आता बंपर गेला, असा चेहरा!

मी म्हटलं, "सेफ्टी चेक. इंडियन."

ती म्हणाली, "आणि पास झाली का?"

मी तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. नितीन कपाळाला हात लावून गाडीत बसला होता. बापूचं नाव ड्रायव्हर म्हणून लागल्याचं त्याला कुणी सांगितलं नाही. मी तर अजिबातच नाही!

*

आता श्रीखंड. वाळवंटात कुणी श्रीखंड करतं का? आमची ही करते. पाडवा वाटेत येत होता आणि हिला पाडवा चुकवणं मंजूर नव्हतं. सुपरमार्केटातलं दही तिने सरांच्या पंच्यात बांधलं आणि व्हॅनमध्ये कोट अडकवायच्या हुकाला टांगलं. खाली सर.

दिवसभर आम्ही ॲलिस स्प्रिंग्जच्या आसपास हिंडलो आणि दिवसभर सरांच्या टकलावर थेंब थेंब. सरांनी छप्पर चाचपलं. मग गंभीरपणे म्हणाले, "नितीन, या भागात पाऊस फारच क्वचित पडतो. पडतोय, तर नोंद घ्यायला हवी."

आम्ही कुणीच वर बोट दाखवलं नाही. संध्याकाळी पंचा उतरवला तेव्हा सर मला म्हणाले, "तुम्ही लोक माणसं आहात का?" पण रात्री वेलदोडा घालून ढवळल्यावर पहिला चमचा चाटायला तेच पुढे होते.

*

दुसऱ्या दिवशी उलुरूकडे निघालो. दोन्ही बाजूंना लाल माती आणि मधे रस्ता असा, की वाटावं रेघ मारून पट्टी तिथेच विसरलेत. वळण नाही, चढ नाही, माणूस नाही. नितीन चालवतोय. शेजारी बापू, डावा पाय क्लच दाबतोय. व्हॅन ऑटोमॅटिक!

बऱ्याच वेळाने एखादी गाडी समोरून यायची आणि तिचा ड्रायव्हर स्टेअरिंगवरून एक बोट उचलायचा. नितीन म्हणाला, "हे इथे सगळे ओळख नसताना करतात."

बापू ताठ बसला. "ओळख नसताना कशी? हे आपलंच आहे!"

खरं होतं. लाल गाडी समोरून आली की ड्रायव्हर हात वर करणारच, मग डेपो कुठलाही असो. त्यानंतर येईल त्या गाडीला बापू अख्खा हात वर करू लागला. पण समोरच्याचं बोट नितीनला बघून उठायचं. स्टेअरिंग त्याच्याकडे होतं. तिसऱ्या-चौथ्या गाडीनंतर बापूने हात मांडीवर ठेवला तो ठेवलाच.

ते मला बघवेना. मी हिच्या कानात म्हटलं, "जेवायला थांबू तेव्हा नितीनला हात आखडून वाढू नकोस."

नितीनला मी ओळखून होतो. रस्त्यावर 'झोप आली तर थांबा' अशा पाट्या होत्या आणि पाटी मोडणाऱ्यांतला तो नव्हे. डोळा जड झाला तर तो स्टेअरिंगला शिवणार नाही. शिवाय दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचायचं, हा त्याचाच नियम, कारण मग रस्त्यावर कांगारू येतात.

थांब्याच्या झाडाखाली सतरंजी पसरली. सकाळी मोटेलात तळलेल्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. पहिली वाटी हिने वाढली. दुसरी मी. तिसरीला नितीन "नको, नानाकाका" म्हणाला, तेव्हा मी म्हटलं, "पाडव्याला नाही म्हणू नये. तुझ्या काकूचं मन मोडेल." काकू लगेच मन मोडल्यासारखी बसली. नाटकात घ्यावी अशी बाई!

चौथी वाटी त्याने स्वतः मागितली.

मग जे प्रत्येक मराठी घरात सणाच्या दुपारी होतं, तेच झालं. नितीनने तोंडावर पाणी मारलं. फेऱ्या मारल्या. गाडीपर्यंत गेला, जांभई देऊन परत आला. "अर्धा तास पडतो," तो म्हणाला.

सरांनी घड्याळ बघितलं. "सणाचा अर्धा तास म्हणजे दोन तास. म्हणजे अंधार. म्हणजे कांगारू."

बापू झाडाला टेकून रस्त्याकडे बघत बसला होता. त्याचा डावा पाय मातीत क्लच दाबत होता, दाबत होता. लाल मातीत टाचेचा छान खड्डा पडला होता.

नितीनने तो खड्डा बघितला. 

"तुमचं नाव इन्शुरन्समध्ये नाहीये, बाबा."

"आहे," मी म्हटलं.

नितीनने माझ्याकडे बघितलं. मग श्रीखंडाच्या भांड्याकडे. मग परत माझ्याकडे! इंजिनीअर आहे शेवटी.

मला वाटलं, आता जाळ निघतो. पण त्याने खिशातून चावी काढली आणि बापापुढे धरली. "हॉर्न वाजवायचा नाही."

बापू म्हणाला, "वळणच नाही, तर हॉर्न कशाला?"

नितीन बापूच्या मागच्या सीटवर बसला, त्याच्या शेजारी मी. "मी डोळा मिटणार नाही. लक्ष ठेवणार आहे." सरांनी डोळे मिटले आणि रामरक्षा सुरू केली.

बापू चपला काढून चढला. स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावला. आरसा बसवला. इंजिन सुरू केलं आणि नुसता बसून राहिला.

"बाबा, काय झालं?" नितीनने विचारलं.

बापू आरशातून माझ्याकडे बघत होता. "कंडक्टर, बेल?"

मी श्रीखंडाची स्टीलची वाटी उचलली आणि चमच्याने दोनदा ठोकली. टण टण!

गाडी निघाली. वाटीतला चमचासुद्धा हलला नाही, अशी निघाली.

समोरून एक गाडी आली. बापूने हात वर केला. तिकडून बोट उठलं, ते बापूलाच! मी बाजूला वळून नितीनला सांगायला गेलो, तर लक्ष ठेवणारा गडी तोंड उघडं टाकून घोरत होता.

बऱ्याच वेळाने क्षितिजावर धुरळा उठला. तिकडचा तो अजस्र ट्रक, एकामागे एक डबे जोडलेला, जणू एखादी आगगाडीच रूळ सोडून रस्त्याला लागलीय. बापूने हात वर केला. त्या उंच केबिनमधल्या दाढीवाल्याने बोट नाही, अख्खा हात वर केला आणि असा लांबलचक हॉर्न दिला की वाळवंट हललं.

नितीन दचकून जागा झाला. "बाबा! हॉर्न?"

"माझा नाही. त्याचा."

"कुठे आलो?"

बापूने आरशात एकदा मागे बघितलं, पुन्हा रस्त्याकडे बघितलं.

"झोप तू. तुझा स्टॉप आला की उठवतो."